उन्नीस-बीसचा फरक

पत्र: मी सीवूड्सला राहतो, वय ४३. न्हावाशेवा बंदरातल्या मालवाहतुकीचा धंदा आहे. गेल्या दिवाळीत पोर्शे ७१८ केमन ही स्पोर्ट्स कार घेतली, २०१९चं मॉडेल, सेकंडहँड. चाकं कंपनीचीच, २० इंची. जुलैत बहिणीकडे कासारवडवलीला जाताना घोडबंदर रोडवर पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलं आणि रिमला आतून बेंड आला. म्हटलं, आता पूर्ण सेटच बदलू. तीन कोटेशन आली आहेत. पहिलं, अमेरिकन कंपनीचा फोर्ज्ड सेट, २१ इंची, साडेआठ लाख. दुसरं, हुबेहूब तसाच दिसणारा 'फर्स्ट कॉपी' सेट, २१ इंची, एक लाख साठ हजार. त्याची पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) ११२ आहे, पण दुकानदार ॲडाप्टर लावून बसवून देतो म्हणतो. तिसरं, फ्लो फॉर्म्ड, २० इंची, सव्वातीन लाख. माझं मन पहिल्यावर आहे. बायको म्हणते, चाकांना साडेआठ लाख म्हणजे वेड लागलंय. वडील ७४ वर्षांचे, गाडीतून उतरताना दर वेळी म्हणतात, 'यापेक्षा बैलगाडी बरी.' काय करू? आणि बेंड आलेलं चाक सरळ होतं का?

उत्तर:

तिन्ही कोटेशन बाजूला ठेवा आणि चौथं मागवा. १९ इंची, खरंखुरं फोर्ज्ड. पुढे ८ इंच रुंद, ईटी ५७ (ईटी म्हणजे ऑफसेट: बोल्टने बसणारा भाग चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाहेर आहे ते). मागे १० इंच रुंद, ईटी ४५. पीसीडी ५ बाय १३०, मधलं भोक ७१.६ मिलिमीटर. पुढे २३५/४० आणि मागे २६५/४०चे टायर. हे माप माझ्या मनचं नाही, १९ इंची चाकं द्यायची तेव्हा पोर्शेने तुमच्याच गाडीला हेच माप दिलंय.

तुमचा चेहरा पडला असणार. विसावरून एकविसावर जायचं स्वप्न होतं आणि हा म्हातारा एकोणिसावर आणतोय, वर पैसेही घालवायला सांगतोय. वागळे इस्टेटला २२ वर्षं टायर आणि अलाइनमेंटचं दुकान चालवलं, तेव्हा हा पडलेला चेहरा माझ्या ओळखीचा आहे.

आपण सहज म्हणतो, उन्नीस-बीसचा फरक आहे, चालून जाईल. इथे तो किती पडतो ते बघा. तुमच्या पुढच्या टायरवर २३५/३५ लिहिलंय, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर आणि रबराच्या भिंतीची उंची त्याच्या ३५ टक्के, सव्वाब्याऐंशी मिलिमीटर. १९ इंची चाकावर तोच टायर २३५/४० होतो, भिंत ९४ मिलिमीटरची. फरक पावणेबारा मिलिमीटरचा, माझ्या करंगळीच्या जाडीएवढा. मागे तो सव्वातेरा होतो. टायरसकट चाकाची एकूण उंची मात्र जवळपास तीच राहते, पुढे दोन मिलिमीटरसुद्धा बदलत नाही. म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही आणि गाडीची उंचीही हलत नाही. लोखंड म्हणा, ॲल्युमिनियम म्हणा, तेवढं कमी झालं आणि त्या जागी हवा आली. २१ इंचीवर गेलात तर उलटं, भिंत साडेसत्तरवर येते. आणि ७१८च्या कुठल्याही मॉडेलला पोर्शेने स्वतः २०च्या वर चाक दिलेलं नाही. ती माणसं काय फोटो बघून गाडी बनवत नाहीत.

खड्ड्यात चाक पडतं तेव्हा खोलीपेक्षा पलीकडची कड जास्त मारते. टायर त्या कडेवर दाबला जातो, भिंत पूर्ण चेपली की रिमचा ओठ थेट डांबरावर. घोडबंदर रोडला तर डांबर, पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट असे तीन थर एकाच लेनमध्ये भेटतात. मेट्रोच्या कामामुळे रात्री लेन कुठे संपली तेही कळत नाही. तिथे करंगळीभर हवा जास्त असणं म्हणजे कित्येकदा 'धाड' आवाज येऊनही रिम वाचणं. पाम बीच रोडपुरतीच गाडी चालवणार असाल तर गोष्ट वेगळी. पण तुमची बहीण कासारवडवलीला आणि धंदा न्हावाशेव्याला! उरणच्या वाटेवर ट्रेलरमागून जाताना रस्त्यावर काय काय पडलेलं असतं, ते मी तुम्हाला काय सांगणार.

तुमच्या वडिलांचं वाक्य विनोद म्हणून सोडून देऊ नका. बैलगाडीचं चाक कसं असतं? मोठंच्या मोठं, आणि बाहेरून रबराऐवजी लोखंडी धाव. विसावरून एकविसावर म्हणजे आपण धावेच्या दिशेने एक पाऊल टाकतो. त्यांना तंत्र माहीत नसेल, पण कंबर बरोबर सांगतेय.

आता फोर्ज्ड, फ्लो फॉर्म्ड आणि कास्टची भानगड, कारण इथेच लोक फसतात. कास्ट म्हणजे ओतीव: वितळलेलं ॲल्युमिनियम साच्यात ओतायचं. स्वस्त पडतं, पण आत बारीक बुडबुडे राहू शकतात, म्हणून जाडी वाढवून ताकद भरून काढावी लागते. फ्लो फॉर्म्ड म्हणजे चेहरा ओतीवच, पण मागचा पिंपासारखा भाग गरम असताना फिरवत रोलरने दाबून लांबवलेला. तो भाग पातळ होऊनही चिवट होतो. चांगली पद्धत आहे, तिला नावं ठेवत नाही. मात्र काही जण तिला 'हायब्रिड फोर्ज्ड' किंवा 'सेमी फोर्ज्ड' म्हणून विकतात. सेमी काही नसतं. फोर्ज्ड म्हणजे ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा भरीव गठ्ठा तापवून हजारो टनांच्या प्रेसखाली दाबायचा, मग टी-६ नावाची उष्णताप्रक्रिया करायची: आधी पाचशेच्या वर तापवून एकदम थंड करायचं, नंतर १७५ अंशांच्या आसपास तासन्‌तास भट्टीत ठेवायचं, आणि शेवटी सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, कोरायचं. दाबल्याने धातूचे कण एका दिशेला बसतात. कणीक मळलेली आणि न मळलेली, एवढा फरक. मार बसला की ओतीव चाक तडकायची भीती जास्त, फोर्ज्ड बहुतेकदा वाकतं. वाकलेलं चाक घरापर्यंत आणतं. तडकलेल्याचा भरवसा नाही.

पोर्शेवाल्यांना तर हे परकं नाहीच. १९६६ साली ९११ एसला जी पाच पाकळ्यांची चाकं बसली, ती जर्मनीतल्या मायनर्ट्सहागेनच्या ओटो फुक्स कंपनीने फोर्जिंग करूनच बनवली होती. आजही लोक ती जुनी फुक्स चाकं शोधत फिरतात. जपानच्या रेजचं टीई-३७ हे चाक १९९६मध्ये आलं, आणि त्यातले ३७ म्हणजे ३.७ किलो, १५ इंची चाकाचं वजन. नाव वजनावरून ठेवलं! चाक बनवणाऱ्यांना कशाचा अभिमान वाटतो ते यातून कळतं. बीबीएस, ओझेड, एचआरई या चाक बनवणाऱ्या कंपन्या, सगळ्यांकडे चांगला माल आहे, पण सगळ्यांचा सगळा माल फोर्ज्ड नसतो. मॉडेलचं नाव घेऊन विचारा: फोर्ज्ड का, एका चाकाचं वजन किती आणि एक चाक किती भार झेलतं. उत्तर लेखी घ्या. वजन सांगायला जो कचरतो, त्याच्याकडून चाक घेऊ नये. या मापाचं चांगलं फोर्ज्ड चाक साधारण नऊ-दहा किलोत बसतं. मागचं रुंद असल्याने थोडं जास्त. घरी आल्यावर बाथरूमच्या काट्यावर ठेवून बघा, मुलांनाही मजा वाटेल.

वजनाचं एवढं कशाला, तर चाकाचं वजन स्प्रिंगच्या खाली असतं. रस्त्याने वर फेकलेलं चाक स्प्रिंग आणि डँपरला (शॉक ॲब्सॉर्बरला) परत खाली आणायचं असतं. चाक जड तर ते उशिरा परततं आणि तो उशीर सीटपर्यंत पोचतो. शिवाय ते फिरतं. अगदी बाहेरच्या कडेला असलेला एक किलो वेग पकडताना जवळजवळ दोन किलोसारखा वागतो. मोठ्या रिममध्ये हेच वजन कडेकडे सरकतं. म्हणून १९ इंची हलक्या चाकांवर केमन जास्त चपळ वाटेल. ती मिड-इंजिन गाडी, म्हणजे इंजिन सीटच्या मागे मधोमध, तिचं खरं सुख स्टिअरिंगमध्ये आहे, आणि तेच आपण शोभेसाठी घालवून बसतो.

दुसऱ्या कोटेशनबद्दल थोडं जास्त बोलतो. काही वर्षांपूर्वी एक मुलगा माझ्याकडे आला. पुढच्या उजव्या टायरची हवा रोज रात्री चार-पाच पीएसआय उतरते. पंक्चरवाल्याने दोनदा पाण्यात बुडवून पाहिलं होतं, व्हॉल्व्ह बदलला होता, एक पॅचसुद्धा मारला होता. चाक गोरंगोमटं, चकाकणारं, मागे जपानी शिक्के. मी ते उलटं ठेवलं आणि आतल्या पिंपावर ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं. आधी काहीच नाही. मग एका पाकळीच्या मुळापासून बाहेरच्या ओठाकडे, मोहरीएवढ्या बुडबुड्यांची एक रांग उठली. सरळ, जशी कुणी पेन्सिलने आखली. चार इंचांची भेग होती. त्या चाकावर तो आदल्या रविवारी लोणावळ्याला जाऊन आला होता. मी चाक परत बसवायला नकार दिला, तेव्हा तो चिडला. नंतर आईला घेऊन आला, तीही चिडायला. भेग दाखवल्यावर ती त्याच्यावर चिडली.

शिक्क्यांचं सांगतो. जपानी चाकांवर जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए असे दोन शिक्के असतात. पहिला शिक्का म्हणजे बनवणारा स्वतः म्हणतो की चाक जपानी मानकात बसतं. दुसरा म्हणजे बाहेरच्या संस्थेने तपासून नोंद केली. साच्यात अक्षरं कोरायला पैसे पडत नाहीत, म्हणून नुसता शिक्का बघून भुलू नका. बिल, अनुक्रमांक आणि बनवणाऱ्याकडून त्या क्रमांकाची खात्री, तिन्ही हवं.

आणि तो ॲडाप्टर! तुमच्या गाडीचे पाच बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळात, कॉपीची भोकं ११२च्या. दोन्ही जुळवायला मध्ये वीसेक मिलिमीटरची चकती घालणार. तुम्ही जोडलेल्या कागदावर पुढचं चाक ९ इंच रुंद, ईटी ४५ असं आहे, दोन्ही २१ इंची सेटना. आता गणित करू. मूळ चाक ८ इंची, ईटी ५७. रुंदी एक इंचाने वाढली म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर. ऑफसेट १२ने घटला, म्हणजे चाक तेवढं बाहेर. बाहेरची कड २४.७ मिलिमीटर पुढे आली, एक इंच म्हणा. हे महागड्या सेटचं. कॉपीच्या बाबतीत चकतीचे २० त्यात मिळवा: साडेचार सेंटीमीटर जवळजवळ! चाक फेंडरच्या बाहेर डोकावणार, वळवताना आतलं प्लास्टिक घासणार, दगड उडून दाराचा रंग जाणार, बेअरिंगवर जोर येणार आणि खड्ड्यात स्टिअरिंग हातातून हिसकणार. फोटोत दणकट दिसतं, मान्य.

नवीन चाक घेताना बोल्टही बघा. पोर्शेच्या बोल्टचं बूड गोल असतं, बॉल सीट. बाहेरच्या बऱ्याच चाकांची भोकं शंकूच्या आकाराची असतात. गोल बोल्ट शंकूत घट्ट वाटतो, पण टेकतो फक्त एका बारीक रेघेवर, आणि सैल पडतो. चाक मागवतानाच लिहा: '७१८चे मूळ बॉल सीट बोल्ट चालले पाहिजेत, नाहीतर योग्य बोल्ट सोबत द्या.' मधलं भोक बरोबर ७१.६चं घ्या, प्लास्टिकची रिंग घालून भागवू नका. टायरमधल्या हवेचे सेन्सर जुन्या चाकांतून काढून नव्यात घालता येतात, पण सहा-सात वर्षांच्या गाडीत त्यांच्या बॅटऱ्या संपत आलेल्या असतात. टायर एकदा चढल्यावर पुन्हा उतरवण्यापेक्षा नवे सेन्सरच घाला.

रंगरूपात मी फार बोलणार नाही, एवढं मात्र ऐका: डायमंड कट म्हणजे कापलेला चकचकीत चेहरा घेऊ नका. तुमची सोसायटी खाडीपासून हाकेच्या अंतरावर. खारी हवा, वर पावसाळा. वरच्या लॅकरला फूटपाथने एक ओरखडा काढला की त्याखाली पांढऱ्या अळ्यांसारखी गंज पसरते आणि परत कापल्याशिवाय जात नाही. पूर्ण पावडर कोटिंग घ्या, सॅटिन किंवा ग्रे. तीन तुकड्यांचं, बोल्टने जोडलेलं चाकही नको, दिसायला राजेशाही पण सांध्यातल्या सिलिकॉनवर सगळी भिस्त. आणि गाडी धुणाऱ्या पोऱ्याला सांगा, चाकाला ॲसिड लावलं तर पगार कापीन. तो लावतो, तुमच्या मागे लावतो.

पैशांचं. १९ इंची फोर्ज्ड सेट पहिल्या कोटेशनपेक्षा स्वस्तच पडेल, आणि त्यातून वाचलेले पैसे टायरमध्ये घाला. टायरच्या बाजूला एन-० किंवा एन-१ असं लिहिलेलं बघा, ती पोर्शेने तपासलेल्या टायरची खूण. चार आकडी तारीखही वाचा: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर 'नवा' म्हणून खपवतात. पुढे आणि मागे एकाच रुंदीचे टायर लावायचा सल्ला कुणी दिला तर तिथून निघून या. निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकांवर आहे आणि कंपनीने फरक मुद्दाम ठेवलाय.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये ते ठणकावून सांगितलंय. कंपनीच्याच मापातलं चाक या वादात पडत नाही, फेंडरबाहेर आलेलं पडतं. विमा कंपनीला लेखी कळवा आणि 'नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीज'मध्ये चाकांची किंमत चढवून घ्या. साध्या पॉलिसीत नुसता टायर फुटला तर काही मिळत नाही. गाडीचंही नुकसान झालं असेल तर टायरचे निम्मे पैसे. अपघातानंतर न कळवलेली चाकं सापडली की सर्व्हेअर काय करतो, ते मी जवळून पाहिलंय.

बेंड आलेल्या चाकाचं: आतल्या ओठाला थोडा बेंड असेल, भेग नसेल, तर थंड हायड्रॉलिक प्रेसवर सरळ होतो. दुकानात शिरल्यावर आधी बघा, गॅसची बत्ती आहे का. असेल तर चाक तिथे देऊ नका. जी उष्णताप्रक्रिया कारखान्यात तासन्‌तास मोजून केली, ती बत्तीने दहा मिनिटांत बिघडते. चाक सरळ दिसतं पण त्या जागी मऊ पडतं. वेल्डिंग तर अजिबातच नाही. सरळ करून झाल्यावर बॅलन्सिंग मशीनवर डायल गेज लावून रनआउट, म्हणजे फिरताना चाक किती डगमगतं ते, मोजायला सांगा आणि साबणाचं पाणी फिरवा. वर सांगितलंच.

सरळ झालं तर तो २० इंची सेट विकू नका. जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. केमन विकाल तेव्हा घेणारा मूळ चाकं मागणारच. बायकोला हेही सांगा. आणि साडेआठ लाखांवरून भांडण थांबवायला एवढं पुरतं की तुम्ही स्वतःहून लहान माप घेताय. माझ्या तेहेतीस वर्षांच्या संसारात असं एकदाच घडलं, पण त्याचा परिणाम फार दिवस टिकला.

वडिलांच्या बाबतीत खोटी आशा दाखवत नाही. करंगळीभर रबराने कंबरेला थोडा आराम मिळेल, पण केमनची सीट जमिनीला टेकलेलीच राहणार, त्यातून उठताना हात द्यावाच लागेल. त्यांना उंच फूटपाथलगत उतरवू नका, थोडं लांब सपाट रस्त्यावर उतरवा; फूटपाथवर पाय टेकला की सीट आणखीच खाली पडते. चाकालाही फूटपाथ लागणार नाही.

बोल्ट १६० न्यूटन मीटरला आवळा, टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते मोजणारा पाना), हाताने. हवेची गन वापरून 'ठोकून' दिले तर परत उघडायला लावा. साधारण ८० किलोमीटर चालल्यावर पुन्हा तपासायचे असतात. सीवूड्सहून कासारवडवलीला जाऊन आलात की जवळपास तेवढे होतात, म्हणजे बहिणीकडे जेवून या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, चाकं थंड असताना, पाना लावा.